नवापूरला जाशील तेव्हा

प्रिय लेकरा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा पोचलं. दुपारी वाचलं, रात्री दिवा मालवण्याआधी पुन्हा वाचलं. अठरा वर्षांनी तू नवापूरला निघालीस. नाताळात जाऊ का, सोबत काय नेऊ, आणि तिथली माणसं मला ओळखतील का, एवढंच विचारलंस. शेवटचा प्रश्न पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिला आहेस, पण खरा तोच आहे.

ओळखतील. नावाने कदाचित नाही. 'कंपाउंडरची धाकटी' म्हणून ओळखतील, 'जांभळीवरून पडून हात मोडला होता ती' म्हणून ओळखतील. २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला, सरकारी माणसं अंगावर पांढरे पोशाख चढवून अंगणाअंगणातल्या कोंबड्या पकडत फिरत होती, आणि तू एक तलंग फ्रॉकमध्ये लपवून न्हाणीघरात दडून बसली होतीस. तुला आठवतं का कोण जाणे, तिथल्या बायका अजून सांगतात. देशात तो रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापूरला, सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. पण त्यांच्या लेखी त्या दिवसांची मोठी बातमी तू आणि ती तलंग.

मला काळजी वाटते ती वेगळीच. तू त्यांना ओळखशील का? तुझ्या पत्रात 'आमची साधी माणसं' हे शब्द तीन वेळा आले आहेत. लेकरा, ती साधी नव्हती. तू लहान होतीस.

मिशनच्या दवाखान्याच्या फाटकापाशी बसून पदरातल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा तुझ्या ओंजळीत ओतणारी आजी तुला आठवते. 'किती निरागस होती' असं तू लिहिलंस. तिची गोष्ट आता तुला सांगायला हरकत नाही. ती जाऊन बारा वर्षं झाली, आणि जिवंत होती तेव्हा ती स्वतःच चर्चच्या मंडळीत उभी राहून साक्ष द्यायची. तरुण असताना तिच्या पुतण्याचं मूल तापाने दगावलं. घरच्यांनी भगताला बोलावलं, भगताने दाणे टाकून पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. डाकीण. नवऱ्याने हात झटकले. रात्रीतून तिने गाव सोडलं, कडेवर दोन वर्षांची पोर आणि हातात एक पातेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन बसली. अंगावर जखमा होत्या, पण उपचाराला आले असं काही ती म्हणाली नाही. नुसती बसून राहिली. आज जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो २०१३ चा. तिच्या वेळी पोलीसही असल्या भानगडीत पडायला बघत नसत.

तिला घरात घेतलं ते मंडळीतल्या मावची बायकांनी, तिथल्या आदिवासी जमातीतल्या. दवाखान्यातल्या परदेशी मॅडमने औषध दिलं, नर्सबाईंनी लुगडं दिलं. पण घरात घेणं वेगळं. त्या बायकांनी पाळी लावली, एकेका घरी एकेक महिना, आणि असं वर्षभर चाललं. त्यांनाही डाकिणीची भीती वाटतच होती. बाप्तिस्मा घेतला म्हणून ती भीती एका दिवसात जात नाही. एक जण मला पुढे सांगायची की पहिले आठ दिवस तिने आपली लेकरं रात्री जावेकडे झोपायला पाठवली होती. भीत भीत घेतलं, पण घेतलं. मंडळी म्हणजे काय, हे मी नर्सिंगच्या आधी दोन वर्षं बायबल वर्गात शिकले होते. तिथे ते पाहिलं.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याच गोष्टीत माझी चूक अडकलेली आहे.

मी १९७९ मध्ये त्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. चोवीस वर्षांची होते, नगर जिल्ह्यातली. आम्ही देशावरचे ख्रिस्ती. आजोबा महारवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले, तिथून पुढे आमचं घर लिहितं-वाचतं झालं. नारायण वामन टिळकांची भजनं आमच्याकडे ओवीसारखी तोंडात असत. आपल्या मराठीचा आम्हाला फार अभिमान. इतरांनी आम्हाला पिढ्यान् पिढ्या खाली पाहिलं होतं, ते आम्ही विसरलो नव्हतो. पण खानदेशाच्या या टोकाला गेल्यावर आपणही कुणाला तरी खाली पाहायला लागलो आहोत, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. पाळक देशावरचे, मास्तर देशावरचे, नर्सा देशावरच्या. आमची उपासना तीच खरी उपासना, आमची भाषा तीच प्रार्थनेची भाषा.

दर शुक्रवारी दुपारी बायकांची प्रार्थना असायची. पावसाळ्यातली एक दुपार होती. कौलांवर पाऊस इतका की जवळ सरकून बसावं लागलं. चाळीसेक बायका असतील. तीच, शेंगावाली, उठली आणि मावचीत, आपल्या भाषेत, प्रार्थना करायला लागली. आवाज खालच्या पट्टीत, मधेच हुंदका, मधेच कुणाकुणाची नावं. बाकीच्या 'आमेन, आमेन' म्हणत होत्या. आणि मी, नवी आलेली सिस्टर, मधेच म्हणाले, "मराठीत करा ना, म्हणजे सगळ्यांना कळेल."

ती थांबली. दोन वाक्यं मराठीत बोलली, पाठ केल्यासारखी, आणि खाली बसली.

त्या खोलीत मावची न कळणारी मी एकटीच होते. 'सगळ्यांना' म्हणजे मला. हे माझ्या लक्षात यायला मला किती वर्षं लागली ते सांगायची लाज वाटते. पुढची दोन-तीन वर्षं ती बायकांच्या प्रार्थनेत तोंड उघडून बोलली नाही. शेंगा आणायची, सतरंजी झाडायची, मागे बसायची. मला वाटायचं, लाजाळू आहे. एकदा प्रसूतीच्या वॉर्डात रात्रपाळीला आम्ही दोघीच जाग्या होतो, तेव्हा मी विचारलं की तुम्ही हल्ली प्रार्थना का करत नाही. ती म्हणाली, "सिस्टर, मी करतेच. तुम्हाला ऐकू येत नाही."

त्या दिवसापासून मी मावची शिकायला लागले. तिशी जवळ आली होती, जीभ वळत नव्हती. गुजरातीचा कान असलेल्याला ती लवकर पकडता येते, मला तोही नव्हता. पोरं हसायची. तुझं तसं नाही. तू तिथे अंगणात खेळत मोठी झालीस, ती भाषा तुझ्या जिभेवर होती. पुण्याला गेल्यावर तुझ्या आईनेच ती सोडवली, शाळेत चिडवतील म्हणून. जायला अजून दोन महिने आहेत. तेवढ्यात जमेल तेवढी परत उकर. आता मावचीत नवा करार आहे, फोनवर वाचता येतो. मावची गाण्यांचे व्हिडिओ तर तिथली पोरं स्वतःच काढतात. रोज थोडं ऐक. मोडकीतोडकी बोललीस तरी चालेल, पण पहिलं वाक्य मराठीत बोलू नकोस. पहिलं वाक्य मराठीत गेलं की पुढचं सगळं बोलणं मराठीत होतं आणि ती माणसं तुझ्यासमोर पाहुण्यांसारखी वागायला लागतात, त्यांच्याच घरात.

नाताळात जावं का, तर जा. पण आधीच सांगते, मंडळी अर्धीमुर्धीच भेटेल. तू लहान होतीस तेव्हा क्वार्टरमधून तुला नाताळ दिसायचा तो कागदी ताऱ्यांचा, रात्रभर कॅरल म्हणत पाडे फिरण्याचा, सकाळच्या सामुदायिक जेवणाचा. कोण नाही, ते तुला दिसत नव्हतं. भाताची झोडणी उरकली की दिवाळीच्या पुढेमागे कितीतरी घरांना कुलूप लागतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि निघतात बारडोलीकडे, सुरत जिल्ह्यात, ऊस तोडायला. लेकरं आणि कोंबड्या ट्रकमध्येच. परत येतात ती उन्हाळ्यात. काही जण नाताळाला चार दिवसांसाठी येऊन जातात, सगळ्यांना मुकादम सोडत नाही.

मी एका नाताळात तिकडे पडावावर, ऊसतोड्यांच्या मुक्कामावर, गेले होते. शेताच्या बांधाला लागून ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या, सगळ्या कंबरेएवढ्या उंच. आत जायचं तर वाकून. अंधार पडल्यावर लोक ट्रक भरून परत आले, हातपाय उसाच्या पातीने चिरलेले. बायकांनी चुली पेटवल्या. भाकरी झाल्यावर एका कोपीपुढे सगळे जमले, बॅटरीचा दिवा मधे ठेवला. उपासना घेणारा माणूस सकाळपासून ऊस तोडत होता. तो गावच्या मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. त्याच्याकडे पुस्तक नव्हतं. लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा भाग त्याने तोंडपाठ सांगितला, आधी मराठीत आणि मग आपल्या भाषेत, आणि सराईत जागा नसल्यामुळे बाळाला गव्हाणीत ठेवलं इथे आल्यावर तो त्या कोप्यांकडे वळून गप्प उभा राहिला. काही बोलला नाही. लोकांनीच पुढचं गाणं उचललं. मी पुष्कळ मोठमोठ्या चर्चमध्ये नाताळाची प्रवचनं ऐकली आहेत, पण नाताळ म्हटलं की मला तो माणूस आठवतो.

म्हणून नाताळात गेलीस तर चौकशी कर, कोण कुठल्या पडावावर आहे. नवापूरहून सुरतेकडची गाडी धर आणि एक दिवस तिकडे जा. आणि मे महिन्यात पुन्हा जा. लग्नसराई तेव्हाच असते, गावं भरलेली असतात, रात्री खाटा अंगणात येतात आणि लोकांना बोलायला वेळ असतो. एकदाच जाऊन यायचं ठरवलं असशील तर मला वाटतं जाऊच नकोस. 'येते हं परत' म्हणून गेलेल्या माणसांची यादी त्यांच्याकडे लांबलचक आहे. त्या यादीत मीही सहा वर्षं होते.

रविवारी चर्चमध्ये गेलीस की ते तुला खुर्ची देतील. लाल प्लास्टिकची, पुढे, पाळकांच्या शेजारी. बाकीचे सगळे खाली सतरंजीवर. हातात गुच्छ देतील, आणि दोन शब्द बोला म्हणतील. तुला संकोच होईल आणि तू 'नको नको, मी खालीच बसते' म्हणशील. तसं करू नकोस. त्या मंडळीने पाहुण्याला दिलेला मान आहे तो, परत केला तर त्यांना लागतं. खुर्चीवर बस, गुच्छ घे, आणि बोलताना कोणाची लेक आहेस ते सांग, कुठे राहायचीस ते सांग, आणि थांब. पुण्यात काय करतेस ते विचारल्याशिवाय सांगू नकोस. 'तुमच्यासाठी काहीतरी करायचं आहे' हे तर अजिबात बोलू नकोस. पुढच्या रविवारी उशिरा जा, गाणं सुरू झाल्यावर, आणि मागच्या दाराने आत शिरून बायकांमध्ये बस. तेव्हा कोणी उठवणार नाही. दुसरा रविवार हाती ठेवूनच रजा टाक.

चर्च बघून तुझा हिरमोड होईल, तयारी ठेव. तुला आठवतं ते कुडाच्या भिंतींचं, शेणाने सारवलेलं, कौलांतून उन्हाच्या तिरिपी पडणारं. आता स्लॅब आहे, फरशी आहे, दारात फ्लेक्सचं बॅनर आणि आत कीबोर्ड, आणि स्पीकर असे की छातीत धडधडावं. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, गेलं सगळं. मग तिथल्या एका वडिलांनी मला भिंतीपाशी नेऊन सांगितलं की ही वाळू कोणी वाहिली, सिमेंटच्या गोण्यांसाठी कोणी ऊसतोडीच्या पैशातून किती दिले, आणि पत्रे उडाले त्या वर्षी कोणी आपल्या घराची कौलं उतरवून दिली. जुनं चर्च मिशनच्या पैशाने झालं होतं. हे त्यांचं आहे. ते सारवलेलं चर्च सुंदर होतं, हे खरंच. पण दर पावसाळ्यात गळायचं, आणि भिंती लिंपायला बायकाच राबायच्या.

मंडळ्याही आता एकाच्या तीन झाल्या आहेत. जुनी मंडळी आहेच. शेजारच्या पाड्यावर एक नवी, तिथे हात वर करून मोठमोठ्याने प्रार्थना चालते. आणि तिसरी त्यातून फुटलेली. सख्खे भाऊ वेगवेगळ्या मंडळीत जातात. दोन्ही-तिन्ही ठिकाणचे लोक तुला दुसऱ्यांबद्दल सांगतील. ऐकून घे, पण मत देऊ नकोस, आणि तिन्हीकडे चहा पी. फुटीचं मला दुःख आहे, ते लपवत नाही. पण लक्षात ठेव, त्या भागात मिशन आलं तेच मुळी बाहेरच्या भांडणांचं आणि वाटण्यांचं ओझं घेऊन. फ्रेडरिक फ्रान्सनने १८९० मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं, त्याची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात उतरली. इतर मिशनांनी इतर तालुके धरले. कोण कुठल्या पंथाचा ख्रिस्ती होणार, ते गावाने नव्हतं ठरवलं. आज निदान भांडणं त्यांची स्वतःची आहेत.

दुसरं दुःख मोठं आहे, त्याबद्दल जपून वाग. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा, १९९८ च्या नाताळात, शेजारच्या डांग जिल्ह्यात चर्चं जाळली. डांगात आपल्या लोकांच्या सोयरिकी आहेत, त्यामुळे त्या रात्री आपल्याकडच्या पाड्यांवरही कोणी झोपलं नाही. आता मोर्चे निघतात ते डीलिस्टिंगचे, ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा म्हणून. यातला कायदा तुला ठाऊक असावा. आमच्यासारख्यांचे वाडवडील ख्रिस्ती झाले आणि अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, कारण १९५० च्या त्या आदेशात धर्माची अट आहे. जमातींच्या आदेशात तशी अट नाही. मावची माणूस चर्चमध्ये गेला तरी मावचीच राहतो, कागदावरही आणि घरातही. तिथे कुणी कुठल्या कुळातली मुलगी करायची नाही ते आजही पाळतात, देज, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायची रक्कम, ठरवायला आजही दोन्हीकडचे म्हातारे बसतात, मग लग्न पाळक का लावेनात.

म्हणून फोटो काढलेस तरी ते लगेच कुठे टाकू नकोस. बाप्तिस्म्याचे, आजाऱ्यावर हात ठेवून चाललेल्या प्रार्थनेचे तर मुळीच नाही, आणि गावाचं नाव घालून तर कधीच नाही. मी एकदा, एका छोट्या मासिकाला, चांगल्या भावनेने एका कुटुंबाची साक्ष फोटोसकट पाठवली होती. ते पान पुढे कुणाच्या हातात गेलं आणि त्या घरच्या मुलाला दाखल्याच्या वेळी किती खेटे घालावे लागले, ते त्याच्या आईने मला चार वर्षांनी सांगितलं. रागावली नाही. चहा देता देता सांगितलं.

तू विचारशील, मग जुन्या देवांचं काय. हे तुझ्या पिढीला फार पडलेलं असतं, आणि बरं आहे, आमच्या पिढीने विचारलंच नाही. तुला एक घर सांगते, नाव न घेता. थोरला भाऊ मंडळीचा वडील. त्याची सख्खी बहीण महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला जाते, याहा मोगी देवीच्या यात्रेला, टोपलीत नवं धान्य घेऊन. ती परत येते तेव्हा हा तिला आणायला फाट्यावर जातो, कारण तिचे गुडघे दुखतात. प्रसाद तो खात नाही, तीही पुढे करत नाही. हे त्यांचं त्यांनी बसवलेलं आहे, चाळीस वर्षं. सगळ्या घरांत असं नीट बसलेलं नाही. काही घरांत भाऊ-भाऊ बोलत नाहीत, काही ठिकाणी मयताला जागा देण्यावरून वाद झाले आहेत. तू जाशील त्या घरात काय आहे ते आधी बघ.

आणि जमलं तर कधीतरी हंगामाच्या सणाला जा. नवं पीक आधी देवाला, मग आपल्या ताटात, ही त्या लोकांची चर्चच्याही आधीची रीत. चर्चने ती मोडली नाही, निदान ही एक गोष्ट मोडली नाही, याचं मला फार समाधान आहे. बायका डोक्यावर सुपं घेऊन ओळीने येतात. नवा तांदूळ, नागली, दुधी, काकड्या, कुणाच्या काखेत पाय बांधलेला कोंबडा. आपल्याकडे नगरलाही सण होतो, पण पाकिटात पैसे घालून. तिथे उपासना संपली की अंगणात लिलाव होतो, आणि ज्या म्हातारीने काकडी आणली तीच ती काकडी वीस रुपयांना परत घेते, सगळे टाळ्या वाजवतात. नव्या तांदळाचा वास त्या दिवशी चर्चमध्ये भरून राहतो. तो तुला आठवेल असं वाटतं, तू पहिल्या रांगेत सुपांच्या अगदी समोर बसायचीस.

आता काय न्यायचं. जुने कपडे नकोत. मी नेले होते एकदा, दोन पोती, पुण्याच्या एका मंडळीने गोळा केलेले. त्यात फाटके होते, एकीकडची बटणं तुटलेले होते. मी वाटत होते आणि एक तरुण मुलगी, माझ्याच हातावर जन्मलेली, लांब उभी राहून बघत होती. तिने घेतले नाहीत. तेव्हा ती बी.एड. करत होती. तो चेहरा मी विसरलेली नाही.

चहापत्ती-साखर ने, कोणाच्याही घरी जाताना नेतो तशी. परत येताना ते तूरडाळ देतील, ती नाही म्हणू नकोस. नवापूरच्या डाळीला आता भौगोलिक मानांकन आहे, पण त्यांच्या घरची हातजात्यावर भरडलेली डाळ शिजते तशी बाजारातली शिजत नाही. तू हल्ली रक्ततपासणीच्या कामात आहेस, तर सिकलसेलबद्दल, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल, कोणी विचारलं तर बस आणि नीट समजावून सांग, लग्न ठरवण्याआधी दोघांची तपासणी का करायची ते. आपल्या वेळी सांधे दुखतात, अंग पिवळं पडतं, पोर दगावतं, यामागे हा आजार आहे हे पुष्कळांना माहीत नव्हतं. शेंगावाल्या आजीच्या पुतण्याचं मूल गेलं, तेही यानेच गेलं असेल का, हा विचार मला कितीदा रात्री येतो. पण हे त्यांनी विचारलं तर. शिबिर घ्यायला जाऊ नकोस, या वेळी भेटायला जा.

गाडीचं म्हणशील तर पुण्याहून नाशिक, तिथून सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर. पिंपळनेर सोडलं की चरणमाळ घाट लागतो, तिथे खिडकीची जागा धर. उतरल्यावर स्टेशनकडे जाऊन ये, तो बाक अजून आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तुझे वडील तुम्हा दोघी बहिणींना त्याच्या दोन टोकांना बसवायचे.

सोबत एक पाकीट पाठवते आहे. हेच तुला न्यायचं आहे. १९८२ मध्ये माझ्या भावाने मला कॅमेरा दिला होता, त्यावर आठ-दहा वर्षांत काढलेले हे फोटो. तेवीस आहेत. सणाचे, बायकांच्या प्रार्थनेचे, विहिरीच्या कामाचे. निगेटिव्ह मी नगरला नव्याने छापून घेतले, मोठ्या आकारात. इतकी वर्षं ते माझ्या ट्रंकेत होते आणि ज्यांचे आहेत त्यांच्या घरी नव्हते. यातली निम्मी माणसं आता नाहीत. त्यांच्या लेकरांनी आई-बापाचा तरुणपणचा चेहरा पाहिलेला नाही. ज्याचा फोटो त्याच्या घरी दे, आणि एकही परत आणू नकोस.

मागे मी नावं लिहिली आहेत, पेन्सिलीने. सात फोटोंच्या मागे कोरं आहे. तीस वर्षं तिथे राहिले आणि ती नावं मला सांगता येत नाहीत. मंडळीच्या वडिलांना विचार, बायकांना विचार, आणि लिही. शेंगावाल्या आजीचा फोटो सगळ्यांत खाली आहे. डोक्यावर सूप, हसते आहे. तिच्या मुलीकडे आईचा फोटो आहे तो फक्त आधार कार्डावरचा. फोटोमागे मी लिहिलं आहे ते नाव केसपेपरवरचं, बायबलमधलं. बाप्तिस्म्याच्या वेळी आमच्या पाळकांनी ठेवलेलं. त्या नावाने तिला दवाखान्याबाहेर कोणी कधी हाक मारली नाही. गावात तिला हाक मारायचे ते ती जन्मली त्या वारावरून पडलेल्या नावाने. ते तिच्या मुलीकडून ऐकून घे आणि माझ्या अक्षराच्या वरती लिही. पेन्सिल पाकिटातच ठेवली आहे.

तुझी,
सिस्टर मावशी